निकालानंतर अपिलाची मुदत कशी मोजायची: सोलापूर जिल्ह्यातल्या पक्षकारांसाठी

निकाल विरोधात गेला की पहिले आठ-दहा दिवस घरात एकच चर्चा चालते: वकील बदलायचा का, भावकी मिटवायला तयार होईल का, पैसे कुठून आणायचे. मुदत या चर्चेसाठी थांबत नाही. दुसऱ्याच दिवसापासून ती धावू लागते. मुदत कायद्याचे कलम ३ तर इतके कडक आहे की समोरच्याने हरकत घेतली नाही तरी न्यायालयाला मुदतबाह्य अपील फेटाळावेच लागते. म्हणून अपील करायचे की नाही हे ठरवण्याआधीसुद्धा खालची पहिली दोन कामे उरकून घ्या. नंतर अपील केले नाही तरी त्यात तुमचे काही जात नाही.

१. निकालाच्या दिवशीच हे टिपून घ्या

निकालाची तारीख. केसचा प्रकार आणि क्रमांक (रे.मु.नं. म्हणजे नियमित दिवाणी दावा, स्पे.मु.नं. म्हणजे विशेष दिवाणी दावा, फौजदारी खटला, जे असेल ते). निकाल देणाऱ्या न्यायालयाचे पूर्ण पदनाम. ‘बार्शी कोर्ट’ किंवा ‘सोलापूर कोर्ट’ एवढ्याने भागत नाही. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर की वरिष्ठ स्तर, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी की सत्र न्यायाधीश, यावर अपील कुठे जाईल आणि किती दिवस मिळतील हे दोन्ही ठरते. सोबत सोळा अंक-अक्षरांचा सीएनआर क्रमांक लिहून ठेवा. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर आणि मोबाइल ॲपवर त्याच क्रमांकाने केस सापडते.

निकाल कळला तो दिवस धरायचा की लागला तो? दिवाणी हुकूमनाम्याच्या (डिक्रीच्या) बाबतीत लागला तो. तुम्ही त्या दिवशी हजर नव्हता, वकिलांनी आठवड्याने फोन केला, हे कारण पुढे विलंब माफीच्या अर्जात मांडता येते, पण मुदतीची सुरुवात त्याने पुढे सरकत नाही. आणखी एक गैरसमज तालुक्याच्या न्यायालयांत फार आढळतो: ‘हुकूमनामा अजून तयार झालेला नाही, तो झाल्यावर मुदत सुरू होईल.’ तसे नाही. हुकूमनामा कधीही तयार झाला तरी त्यावर निकालाचीच तारीख पडते.

२. नक्कल अर्ज: त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी

न्यायनिर्णयाच्या (कारणांसह लिहिलेल्या निकालाच्या) प्रमाणित प्रतीसाठी नक्कल विभागात अर्ज द्या. अर्ज वकील देऊ शकतात, पक्षकार स्वतःही देऊ शकतो. दिवाणी केसमध्ये न्यायनिर्णय आणि हुकूमनामा दोन्ही मागा. अपिलाला न्यायनिर्णयाची प्रत पुरते, पण हुकूमनामा पुढे दरखास्तीत (हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागण्याच्या अर्जात) आणि स्थगितीच्या अर्जात लागतोच.

घाई यासाठी की मुदत कायद्याच्या कलम १२ प्रमाणे नक्कल मिळवायला लागलेला वेळ मुदतीतून वजा होतो. मात्र तो वजा होतो अर्ज दिल्यापासून. अर्ज देण्याआधी तुम्ही घरी बसलेले दिवस, आणि त्या काळात न्यायालयाला हुकूमनामा तयार करायला लागलेले दिवससुद्धा, वजा होत नाहीत. मूळ मुदत संपल्यावर अर्ज दिला तर वजावटीला काही अर्थच उरत नाही.

नक्कल हातात आली की शेवटच्या पानावरचा शिक्का वाचा. अर्जाची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख आणि दिल्याची तारीख, अशा नोंदी तिथे असतात. वजावट पहिल्या दोन तारखांमधल्या काळाची मिळते. तयार होऊन पडलेली नक्कल तुम्ही दोन आठवड्यांनी नेली, तर ते दोन आठवडे तुमच्या मुदतीतून गेले. शिक्क्यातली तारीख अस्पष्ट किंवा चुकीची असेल तर काउंटर सोडण्याआधी दुरुस्त करून घ्या. महिन्याने ती दुरुस्त करून घेणे फार जिकिरीचे होते.

ई-कोर्ट्सवरून उतरवलेली निकालाची पीडीएफ वाचायला, वकिलांना दाखवायला उत्तम. ती प्रमाणित प्रत नव्हे.

फौजदारी खटल्यात कारावासाची शिक्षा झाली असेल तर आरोपीला निकालाची प्रत लगेच आणि विनामूल्य द्यावी, असे कायदाच सांगतो. ती मागून घ्या.

३. अपील कुठे जाईल ते आधी ठरवा

मुदत न्यायालयावर अवलंबून आहे, म्हणून हा टप्पा मोजणीच्या आधी.

दिवाणी: कनिष्ठ स्तराच्या निकालावरचे अपील जिल्हा न्यायालयात जाते. वरिष्ठ स्तराच्या निकालावरचे अपील दाव्याच्या मूल्यांकनानुसार जिल्हा न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात जाते. मूल्यांकनाची ही रेषा राज्याच्या कायद्याने वेळोवेळी वर सरकली आहे. त्यामुळे शेजाऱ्याच्या जुन्या केसवरून अंदाज बांधू नका. दाव्यात लिहिलेले मूल्यांकन काढून वकिलांना आजची मर्यादा विचारा.

जिल्ह्यात सोलापूरशिवाय पंढरपूर, बार्शी अशा ठिकाणी अतिरिक्त जिल्हा व सत्र न्यायालये बसतात. तुमच्या तालुक्याचे अपील कुठे दाखल होते हे तालुका न्यायालयाच्या कार्यालयातच विचारून घ्या. सांगोल्याहून सोलापूरला येऊन ‘तुमचं इथं नाही’ हे ऐकण्यापेक्षा ते बरे.

उच्च न्यायालय: इथे मोठा बदल झाला आहे आणि जुनी माहिती अजून फिरते आहे. मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाले. सोलापूर, कोल्हापूर, सांगली, सातारा, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्या अखत्यारीत आहेत. म्हणजे सोलापूर जिल्ह्यातले नेहमीचे पहिले अपील, दुसरे अपील (पहिल्या अपिलाच्या निकालावरचे), फौजदारी अपील यांसाठी आता कोल्हापूर. चुकीच्या ठिकाणी गेलेले दिवस मुदतीतून आपोआप वजा होतील असे समजू नका. ते विलंबाचे कारण म्हणून मांडून न्यायालयाला पटवावे लागते.

४. दिवाणी अपिलाचे दिवस

मुदत कायदा १९६३ च्या परिशिष्टातले अनुच्छेद ११६ लक्षात ठेवा: जिल्हा न्यायालयात ३० दिवस, उच्च न्यायालयात ९० दिवस. दुसरे अपील उच्च न्यायालयातच होते, म्हणून तेही ९० दिवस. पण ते केवळ कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर चालते, आणि वाद २५,००० रुपयांपर्यंतच्या वसुलीचाच असेल तर मुळीच नाही.

निशाणी ५ वरचा तात्पुरत्या मनाईचा हुकूम मिळाला किंवा नाकारला गेला, तर त्यावरही अपील आहे. जिल्हा न्यायालयात ३० दिवस. बांधाच्या आणि रस्त्याच्या भांडणात खरी लढाई याच टप्प्यावर असते. दावा निकाली निघण्याची वाट पाहत बसलात तर हा हक्क कधी संपला ते कळतही नाही.

एकतर्फी हुकूमनामा झाला असेल तर दोन वाटा आहेत. तो रद्द करण्याचा अर्ज त्याच न्यायालयात ३० दिवसांत. समन्सची बजावणीच नीट झालेली नसेल तर हुकूमनामा कळल्यापासून ३० दिवस. किंवा थेट अपील, नेहमीच्या मुदतीत. अपील तुम्ही स्वतः मागे घेतले नसेल आणि दुसऱ्या कोणत्याही कारणाने निकाली निघाले, तर मागे फिरून रद्द करण्याचा अर्ज करता येत नाही. बजावणीत खरोखर खोट असेल तर पहिली वाट आधी तपासा. पुनर्विलोकनाचा, म्हणजे त्याच न्यायालयाने आपला निकाल पुन्हा तपासावा असा, अर्जही ३० दिवसांचाच आहे.

वेगळ्या कायद्यांखालच्या मुदती वेगळ्या आहेत, आणि गोंधळ इथेच जास्त होतो:

• मोटार अपघात नुकसानभरपाई: उच्च न्यायालयात ९० दिवस. भरपाई देण्याचा आदेश ज्याच्यावर आहे त्याला अपिलासोबत २५,००० रुपये किंवा रकमेचा निम्मा भाग, यातले जे कमी ते भरावे लागते. भरपाई वाढवून मागणाऱ्या कुटुंबाला ही अट नाही.
• हिंदू विवाह कायद्याखालचा घटस्फोट वगैरे: ९० दिवस. कौटुंबिक न्यायालयाच्या कायद्यात मात्र ३० दिवस लिहिले आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हिंदू विवाह कायद्याच्या प्रकरणांत ९० दिवस धरले आहेत. तरी ३० दिवसांचे लक्ष्य ठेवले तर वादच उरत नाही. घटस्फोट मिळालेल्यांनी अपिलाची मुदत संपण्याआधी दुसऱ्या लग्नाची सुपारी फोडू नये, हे ओघाने आलेच.
• भाडे नियंत्रण कायदा १९९९: ३० दिवस.
• फेरफार, सातबाऱ्याची नोंद: हे दिवाणी न्यायालयाचे काम नव्हे. तहसीलदार किंवा प्रांताधिकाऱ्यांच्या आदेशावर महसुली अपील ६० दिवसांत. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर ९० दिवसांत.

५. मोजणी, तारखांसकट

समजा कनिष्ठ स्तर न्यायालयाचा निकाल २ मार्च २०२६ ला लागला आणि अपील जिल्हा न्यायालयात करायचे आहे. २ मार्च धरायचा नाही. ३ मार्च हा पहिला दिवस, म्हणून तिसावा दिवस १ एप्रिल.

नक्कल अर्ज ९ मार्चला दिला, नक्कल २३ मार्चला तयार झाली. दोन्ही दिवस धरून १५ दिवस. ते १ एप्रिलच्या पुढे मिळवा: शेवटचा दिवस १६ एप्रिल २०२६.

आता तीच नक्कल तुम्ही ६ एप्रिलला उचलली असे धरा. शेवटचा दिवस १६ एप्रिलच राहतो. २४ मार्च ते ६ एप्रिल हे चौदा दिवस फुकट गेले आणि अपील लिहायला दहाच दिवस उरले.

नव्वद दिवस म्हणजे तीन महिने नव्हेत. निकाल १ जुलैचा असेल तर नव्वदावा दिवस २९ सप्टेंबर येतो. ‘१ ऑक्टोबरपर्यंत वेळ आहे’ म्हणणारा दोन दिवस उशिरा पोहोचतो. कॅलेंडरवर बोट ठेवून एकेक दिवस मोजा आणि दुसऱ्याकडून पुन्हा मोजून घ्या.

शेवटच्या दिवशी न्यायालय बंद असेल, मग रविवार असो, उन्हाळी सुट्टी असो की गड्ड्याच्या यात्रेची स्थानिक सुट्टी, तर न्यायालय उघडेल त्या दिवशी दाखल करता येते. पण उघडेल त्याच दिवशी. सुट्टीचे दिवस मुदतीत भर घालत नाहीत. सुट्टी मुदतीच्या मधोमध आली तर ती मोजलीच जाते. मे महिन्याच्या आधीच्या निकालांत सगळ्यात जास्त अपिले इथेच हुकतात. शिवाय सुट्टीतही कार्यालय आणि ई-फायलिंग चालू असू शकते, म्हणून या सवलतीवर विसंबून योजना आखू नका.

६. फौजदारी अपील

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कलमांचे क्रमांक बदलले, अपिलाचे दिवस मात्र मुदत कायद्यातलेच आहेत.

न्यायदंडाधिकाऱ्यांनी शिक्षा दिली तर सत्र न्यायालयात ३० दिवस. सत्र न्यायालयाने शिक्षा दिली तर उच्च न्यायालयात ६० दिवस. फाशीच्या शिक्षेवर ३० दिवस. आरोपी तुरुंगात असेल तर अपिलाचा अर्ज आणि प्रती कारागृहाच्या प्रभारी अधिकाऱ्याकडे देता येतात. ते पुढे पाठवतात.

शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल, आरोपी जामिनावर असेल आणि अपील करायचे आहे हे त्याने सांगितले, तर शिक्षा देणारे न्यायालयच अपिलासाठी पुरेसा वेळ जामीन देते. हा अर्ज निकालाच्या दिवशीच द्यावा लागतो, म्हणून निकालाच्या तारखेला जामीनदार त्याच्या कागदपत्रांसह सोबत असू द्या. मिळालेला जामीन ठरावीक तारखेपर्यंतच टिकतो. त्या तारखेच्या आत वरच्या न्यायालयाचा शिक्षा स्थगितीचा हुकूम आणला नाही, तर अपील मुदतीत असूनही अटक वॉरंट निघू शकते. अपिलाची मुदत आणि या जामिनाची मुदत या दोन वेगळ्या तारखा आहेत. दोन्ही भिंतीवर लिहून ठेवा.

चेक बाउन्सच्या खटल्यात शिक्षा झालेल्याने आणखी एक तयारी ठेवावी. अपिली न्यायालय दंड किंवा भरपाईच्या किमान २० टक्के रक्कम भरायला सांगू शकते. त्यासाठी ६० दिवस मिळतात, कारण दाखवल्यास आणखी ३०.

आरोपी निर्दोष सुटला तर? सरकारच्या अपिलाला ९० दिवस आहेत. खासगी फिर्यादीवरच्या खटल्यात फिर्यादीने उच्च न्यायालयाकडे विशेष परवानगी ६० दिवसांत मागायची. फिर्यादी लोकसेवक असेल तर सहा महिन्यांत. परवानगी मिळाल्यावर अपील ३० दिवसांत. पीडित व्यक्तीला मात्र परवानगीशिवाय स्वतंत्र अपिलाचा हक्क आहे: निर्दोष सुटकेवर, कमी गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाल्यास, किंवा भरपाई अपुरी असल्यास. चेक बाउन्सचा फिर्यादी हाही पीडित ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितले आहे. पीडिताच्या अपिलाला संहितेत दिवस लिहिलेले नाहीत. म्हणून सर्वांत आखूड मुदत, म्हणजे ३० दिवस, धरून चालणे शहाणपणाचे. शिक्षा कमी झाली एवढ्यासाठी पीडिताला या तरतुदीखाली अपील नाही. त्यासाठी सरकारी वकिलांमार्फत सरकारला हलवावे लागते.

कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या आदेशावर सत्र न्यायालयात ३० दिवस, पण इथे मोजणी आदेश बजावल्यापासून. पोटगीच्या फौजदारी आदेशावर अपील नाही, पुनरीक्षण (रिव्हिजन) आहे, ९० दिवस.

७. जिथे अपीलच नाही

लोकअदालतीतला निवाडा अंतिम असतो. तडजोडीवर सही करताना ‘नाही पटलं तर नंतर अपील करू’ असे कोणी सांगत असेल तर ऐकू नका. संमतीच्या हुकूमनाम्यावरही अपील नाही. फौजदारीत गुन्हा कबूल केला असेल तर फक्त शिक्षा किती आणि ती कायदेशीर आहे का, एवढ्यापुरतेच अपील. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा फक्त १०० रुपयांपर्यंतचा दंड असेल तर तेही नाही.

८. दाखल करताना लागणारे कागद

• अपील मेमो: निकालातल्या चुका मुद्द्यांनी. सगळी हकिगत पुन्हा लिहू नये
• न्यायनिर्णयाची प्रमाणित प्रत, दिवाणीत हुकूमनाम्याचीही
• नवे वकीलपत्र
• कोर्ट फी आणि मूल्यांकनाचा तपशील
• सर्व पक्षकारांची नावे-पत्ते, मूळ केसमधल्या क्रमाने
• स्थगितीचा किंवा शिक्षा स्थगितीचा अर्ज, प्रतिज्ञापत्रासह
• उशीर असेल तर विलंब माफीचा अर्ज, प्रतिज्ञापत्रासह
• समोरच्या जितक्या बाजू तितक्या जादा प्रती, शिवाय प्रोसेस फी (नोटीस बजावणीची फी)

दाखल केल्यावर कार्यालय तपासणी करून त्रुटी काढते: कोर्ट फी कमी, पान अस्पष्ट, एखाद्या मयत पक्षकाराचे वारस दाखवलेले नाहीत. दाखल केल्याची पोच किंवा ई-फायलिंगचा क्रमांक जपून ठेवा आणि दिलेल्या वेळेत त्रुटी दूर करा. नोंदणी क्रमांक पडेपर्यंत काम संपले असे मानू नका.

९. अपील म्हणजे स्थगिती नव्हे

दिवाणी अपील दाखल झाले म्हणून दरखास्त थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते. पैशाच्या हुकूमनाम्यात न्यायालय रक्कम भरायला किंवा तारण द्यायला सांगते. ती तजवीज अपिलासोबतच करा. अपील उशिरा असेल तर अडचण दुप्पट: विलंबाचा अर्ज आधी ऐकला जातो, आणि अपील ऐकायचे असे ठरेपर्यंत स्थगिती देता येत नाही. तोवर बेलीफ दारात येऊ शकतो. दोन-चार दिवसांच्या उशिराची खरी किंमत ही असते.

१०. मुदत हुकलीच तर

मुदत कायद्याच्या कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज अपिलासोबतच द्यायचा. ‘पुरेसे कारण’ दाखवावे लागते, आणि न्यायालये ते साधारणपणे उदारपणे पाहतात. पण कागदाशिवाय नाही. आजारपण असेल तर दवाखान्याचे दाखले आणि डिस्चार्ज कार्ड, मृत्यू असेल तर दाखला, ऊसतोडीला बाहेरगावी होतात तर मुकादमाचे किंवा कारखान्याचे पत्र. उशीर किती दिवसांचा ते आकड्यात लिहा आणि मुदत संपल्यापासून दाखल केल्याच्या दिवसापर्यंतचा सगळा काळ सांगा. आजारपण १० तारखेला संपले आणि अपील ३० तारखेला आले, तर मधल्या वीस दिवसांचे काय, हा प्रश्न हमखास येतो. ‘वकिलांनी कळवले नाही’ एवढेच कारण लंगडे पडते, कारण सीएनआर क्रमांकावर केसची स्थिती कोणालाही पाहता येते.

खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. सर्व महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, औद्योगिक कामगार, अपंग व्यक्ती आणि कोठडीतले लोक यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. विडी कामगार महिला आणि यंत्रमाग कामगार यांनी ही सोय आवर्जून वापरावी. हेल्पलाइन १५१००. वकील नेमला जायला वेळ लागतो, म्हणून नक्कल अर्ज आणि हा अर्ज एकाच दिवशी द्या.

११. निकाल तुमच्या बाजूने लागला असेल तर

वरच्या न्यायालयात कॅव्हेट दाखल करा, म्हणजे तुम्हाला न ऐकता स्थगिती मिळणार नाही. कॅव्हेट ९० दिवस टिकते. अपील उच्च न्यायालयात जाण्यासारखे असेल तर समोरच्याला ९० दिवस अधिक नक्कलेचे दिवस मिळतात, त्यामुळे निकालाच्या आठवड्यात टाकलेले कॅव्हेट नेमके गरजेच्या वेळी संपलेले असते. ते नव्याने टाकायची तारीख आधीच ठरवून ठेवा. आणि निकाल अर्धाच तुमच्या बाजूने असेल, समोरच्याने अपील केले असेल, तर उरलेल्या भागासाठी प्रति-हरकत घेता येते: सुनावणीच्या तारखेची नोटीस बजावल्यापासून एका महिन्यात. नोटीस घेताना तिच्यावर सहीसोबत तारीख घालायला विसरू नका.